लसणाला किती महिन्यांची जमीन लागते?

भाजीपाल्याचा इतिहास सांगताना आपण पाण्यापासून सुरुवात करतो. विहीर खोदली, मोट चालली, पाट आला, धरण झाले आणि मग मळे फुलले, असा तो क्रम ठरलेला असतो. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांपुरता हा क्रम खोटा नाही. नारायणगावच्या बाजारात शेकड्यावर बोली लागणाऱ्या मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या आणि टोमॅटोचे क्रेट पाहणाऱ्याला तो पटतोच. पण घोड नदीच्या खोऱ्यात, डिंभे धरणाच्या भिंतीपासून वर आहुप्याच्या दिशेने जाऊ लागले की हा क्रम लंगडा पडतो. तिथे डोळ्यांसमोर पाणीच पाणी आहे आणि त्याच्या काठाला भाजीचे मळे मात्र नाहीत. याचे कारण कधी लोकांच्या मागासपणात शोधले जाते, कधी चढ-उताराच्या जमिनीत. माझ्या मते ते मुदतीत आहे. जमीन कोणाच्या हाती किती काळ राहणार आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यांत राहणार, यावर तिथे काय पिकेल हे ठरते, आणि या भागाचा गेल्या दोन हजार वर्षांचा पुरावा पाहिला तर मुदतीचा प्रश्न पाण्याच्या प्रश्नाइतकाच जुना दिसतो.

ही गोष्ट तपासायला लसणाइतके चांगले पीक नाही. लसणाला फार जागा लागत नाही. घरापुरता लसूण गुंठाभर वाफ्यांत होतो. पाणीही ऊस किंवा केळीसारखे लागत नाही. मात्र वेळेच्या बाबतीत तो अतिशय हट्टी आहे. महाराष्ट्रात त्याची लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये व्हावी लागते. सुरुवातीला थंडी हवी, गड्डा भरताना दिवस मोठा होत जावा आणि काढणीच्या सुमारास ऊन तापू लागावे, असे त्याचे गणित. साधारण चार ते साडेचार महिन्यांनी पात पिवळी पडून मान लवते, मग उपटून, पातीसकट सुकवून, जुड्या बांधून तो सावलीत टांगतात. लागवड उशिरा झाली तर गड्डा लहान राहतो. फारच उशीर झाला तर पात मिळते, गड्डा मिळत नाही. शिवाय लसणाला खरे बी धरत नाही. यंदाच्या गड्ड्याच्या पाकळ्या म्हणजेच पुढच्या वर्षाचे बियाणे, आणि हेक्टरी चार-पाच क्विंटल पाकळ्या लागत असल्याने ते विकत घेणे परवडत नाही. म्हणून जुन्या पद्धतीत बियाणे घरातच, आढ्याला टांगलेले असे. शेजारच्या राजगुरुनगरला कांदा आणि लसणाच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. भीमा ओंकार आणि भीमा पर्पल या लसणाच्या जाती तिथल्याच. पण जात कितीही सुधारली तरी दोन अटी सुटत नाहीत. दिवाळीच्या आगेमागे जमीन मोकळी हवी आणि पुढच्या दिवाळीलाही आपण तिथेच असू याची खात्री हवी. मेथी तीस-पस्तीस दिवसांत हाती येते. तिला मालक कोण याची पर्वा नसते. लसणाला असते.

जुन्नरच्या डोंगरांत कोरलेल्या लेण्यांतले दानलेख सहसा बौद्ध धर्माच्या किंवा व्यापाराच्या इतिहासासाठी वाचले जातात. नाणेघाटातून कोकणात उतरणारा माल, धान्याचे व्यापारी, कासार, बांबूचे काम करणारे यांच्या श्रेणी म्हणजे व्यावसायिक संघ, असा तो सगळा मजकूर. त्यातल्या एका लेखाकडे शेतीच्या अंगाने कमी पाहिले गेले आहे. आदुथुम नावाच्या शक उपासकाने वडालिका या गावातली वीस निवर्तने जमीन करंजाची झाडे लावण्यासाठी आणि कटपुटक येथील नऊ निवर्तने वडाची झाडे लावण्यासाठी कोणाचिक येथील श्रेणीकडे सोपवल्याची नोंद त्यात आहे. यात लक्ष वेधते ते दानाचे गणित. जमीन, तिच्यावर काय लावायचे आणि ती सांभाळणार कोण, या तिन्ही गोष्टी दात्याने एकत्र बांधल्या. करंज आणि वड ही एका हंगामात फळ देणारी झाडे नव्हेत. त्यांच्यासाठी माणसापेक्षा जास्त जगणारा सांभाळणारा हवा, म्हणून श्रेणी. पीक आणि मुदत यांची जोड घालूनच जमीन द्यायची असते हे त्या काळच्या दात्याला कळत होते. आजच्या पाटबंधारे खात्याच्या पट्ट्यांत ही जोड सापडत नाही, पण त्याकडे पुढे येऊ.

मध्ययुगात घोड नदीच्या खोऱ्याला घोडनेर म्हणत. जुन्नरखालच्या बारा मावळांत शिवनेर, मिनेर, भीमनेर यांच्याबरोबर त्याचे नाव येते. मराठी राज्यातल्या जमीनधारणेत दोन शब्द कळीचे होते, मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. तो कर देत राहील तोवर ती त्याच्याकडून कोणी काढू शकत नसे, आणि गाव सोडून गेलेल्या मिरासदाराचा हक्कही लगेच बुडत नसे. उपरी मात्र बाहेरून आलेला, थोड्या मुदतीच्या कौलावर जमीन कसणारा. पेशवाई बुडाल्यानंतर १८१९ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने लिहिलेल्या अहवालात पुणे प्रांतातल्या मिरासदारांचे वर्णन आहे. बागाईत म्हणजे विहीर, विहीर म्हणजे खणणे, बांधणे, थारोळे, मोट, बैल, पाट. दोन वर्षांनी उठवला जाऊ शकणारा उपरी हा खर्च कशाला करील? त्यामुळे मोटस्थळ बहुधा मिरासदाराच्या दारात राहिले आणि उपऱ्याच्या वाट्याला जिरायत आली, हे कागद न चाळताही समजण्यासारखे आहे. पडीक जमीन लागवडीला आणायची असली की इस्ताव्याचा कौल देत. त्यात पहिली काही वर्षे सारा थोडा आणि मग दरसाल चढता असे. इस्ताव्याची ही युक्ती आजच्या कोणत्याही अनुदानापेक्षा हुशार होती असे मला वाटते, कारण पैसा देण्याऐवजी ती वेळ देत होती.

खोऱ्याच्या वरच्या अंगाला हा मिरासदार-उपरी हिशेब तितका चालत नसे. तिथे महादेव कोळ्यांची वस्ती, दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस, उतारावर नाचणी आणि वरई, सपाटीला भात. झाडांचा पाला-फांद्या जाळून राब करायचा, त्यात रोप वाढवायचे. काही वर्षे एक उतार कसायचा आणि मग तो विसावू द्यायचा. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये ही डोंगरशेती आणि पूर्वेकडची विहिरीवरची बागाईत जणू दोन वेगळ्या देशांची असावी अशी वाटते. या वरच्या भागाबद्दल एक आक्षेप नेहमी येतो. आदिवासींना भाजी पिकवायची सवय नव्हती, ते रानभाज्या खात, लसूण-कांदा ही खालच्या माळ्यांची पिके. तेव्हा धरणाच्या काठाला मळे नाहीत यात नवल काय? या आक्षेपात थोडे तथ्य आहे. भारंगी, कुरडू, फोडशी, चाईचा मोहर, टाकळा यांची चव आणि ओळख त्या भागात खरोखर खोल आहे, आणि पावसाळ्याचे चार महिने रान स्वतःच भाजी पुरवत असे. पण परसातल्या मांडवावर घेवडा, भोपळा आणि काकडी चढवणारे घर भाजी लावायला शिकलेले नाही असे कोण म्हणेल? आणि भाकरीबरोबर मिरची-लसणाची चटणी असतेच. खरे तर वरच्या खोऱ्यात हिवाळी भाजीची एक नैसर्गिक जागा होती, ती म्हणजे नदीकाठची मळई. पावसाळ्यानंतर घोड आणि तिचे ओढे ओसरू लागले की काठाला गाळाची ओली पट्टी उघडी पडे. ओल टिकून असे, पाणी दोन पावलांवर असे. भात निघाल्यावर लसूण, मुळा, हरभरा लावायला खोऱ्यात याहून सोयीची जागा नव्हती.

महसुली कायद्यालाही ही पट्टी माहीत होती. नदीने टाकलेली मळई सरकारची ठरली तरी ती आधी काठच्या खातेदाराला देऊ करावी, हे तत्त्व मुंबई इलाख्याच्या १८७९ च्या जमीन महसूल संहितेतून महाराष्ट्राच्या १९६६ च्या संहितेत आले आहे. नदीने जमीन दिली तर तिच्यावर पहिला हक्क शेजाऱ्याचा. हे तत्त्व न्याय्य आहे आणि शेतीच्या दृष्टीने शहाणपणाचेही आहे, कारण ओल आणि गाळ यांचा उपयोग जवळ राहणाऱ्यालाच वेळेवर करता येतो.

एकोणिसाव्या शतकात सरकारलाही या भागात बाग करावीशी वाटली होती. १८३८ पासून दापुरीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे अधीक्षक असलेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी जुन्नरजवळ हिवरे इथे शाखा-बाग चालवली आणि तिथे सरकारी दवाखान्यांसाठी औषधी वनस्पती वाढवल्या. ती बाग आता बहुतेकांच्या स्मरणातही नाही. बटाट्याचे मात्र वेगळे झाले. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर पावसाच्या पाण्यावर घेतला जाणारा खरीप बटाटा आज राज्यभर ओळखला जातो, मंचरच्या बाजारात येतो, वेफर्सच्या कंपन्यांशी त्याचे करार होतात. बटाटा पठारावर टिकला याचे एक कारण त्याच्या मुदतीत आहे. तीन महिन्यांचे पीक, आणि बियाणे दरसाल पंजाबातून विकत येते. ज्याला भांडवल उभे करता येते त्याला तो जमतो. लसणाचे नेमके उलटे आहे. त्याला भांडवल थोडे लागते, पण सातत्य लागते.

हे सातत्य ब्रिटिश काळात वरच्या खोऱ्यात दोन बाजूंनी सुटत गेले. जंगल राखीव झाले, त्यामुळे फिरती उतारशेती आवळली. रोख साऱ्याची वेळ आणि भात विकण्याची वेळ जुळेना, त्यामुळे सावकाराचा कागद घरात आला. १८७४ ते १८७६ या काळात जांभोरीच्या होनाजी केंगले याने सावकारांविरुद्ध उठाव केला. हे जांभोरी याच आंबेगाव तालुक्यातले. दक्षिणेतले दंगे म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत येणारा १८७५ चा उद्रेक सुपे आणि शिरूरकडचा, सपाटीवरचा. होनाजीचा उठाव त्याच वर्षांतला, डोंगरातला, आणि त्याची आठवण कमी काढली जाते. दोन्हींच्या मुळाशी जमीन हातातून जाण्याची भीती होती. पुढे १९४८ चा कूळ कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारा कूळ मालक मानला गेला. कागदावर तरी मुदतीचा प्रश्न सुटला. कसेल त्याची जमीन, आणि ती कायमची.

डिंभ्याच्या वरच्या बाजूला ही कायमची मालकी जेमतेम एक पिढी टिकली. कुकडी प्रकल्पात पाच धरणे आहेत. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवरचे डिंभे. त्यांतले डिंभे हे मोठे, उपयुक्त साठा साडेबारा टीएमसीच्या आसपास. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव दिले आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकखाली प्राण देणारा हा तरुण याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. गावची जमीन पोट भरू शकत नाही म्हणून मुंबई गाठणाऱ्या हजारोंपैकी एक. जलाशयाखाली जी गावे गेली त्यांत ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगावही होते. तालुक्याचा कारभार घोडेगावहून चालतो आणि मूळ आंबेगाव तळाशी आहे. बुडालेल्या जमिनीत सगळ्यात आधी काय गेले याचा विचार केला तर उत्तर सरळ आहे. खोऱ्याचा तळ गेला, म्हणजे भातखाचरे गेली आणि नदीकाठची मळई गेली. लोकांकडे उरले ते उतार. धरणातून पाणी डाव्या कालव्याने येडगावला जाते आणि तिथून कुकडीच्या कालव्याने पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत पोहोचते. उजवा कालवा आंबेगाव आणि शिरूरच्या शिवाराला भिजवतो. वरच्या लोकांनी जमीन दिली आणि खालच्यांना पाणी मिळाले, हे वाक्य इतक्या वेळा म्हटले गेले आहे की त्याची धार बोथट झाली आहे. मला त्यातला एकच पैलू महत्त्वाचा वाटतो. जमिनीबरोबर वेळापत्रकही खाली गेले. खोऱ्याच्या तळाशी कोणती जमीन कधी उघडी पडेल हे पूर्वी पाऊस ठरवत असे, आता ते कालव्याची आवर्तने ठरवतात.

पाणी उतरू लागले की जलाशयाच्या काठाला गाळाची जमीन उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात. महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक मोठ्या धरणावर ती आहे. जमीन सरकारची, पाटबंधारे खात्याच्या ताब्यातली. ती हंगामापुरती, थोड्या भाड्याने लागवडीला दिली जाते आणि वाटपात प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य असते. २०१८ च्या दुष्काळात तर चाऱ्याची पिके घेण्यासाठी ती नाममात्र एक रुपया भाड्याने देण्याचा निर्णय झाला होता. म्हणजे ज्याची जमीन बुडाली त्यालाच ती वर्षातून काही महिने भाड्याने परत मिळते. ही व्यवस्था वाईट हेतूने झालेली नाही, उलट नसती तर वरच्या गावांचे हाल अधिक झाले असते. पण तिच्यात लसूण बसत नाही. पावसाळा संपताना जलाशय भरलेला असतो, तो भरलेलाच असावा म्हणून तर धरण आहे. लसूण लावायच्या दिवसांत गाळपेर पाण्याखाली असते. ती उघडी पडू लागते तेव्हा थंडी अर्ध्यावर आलेली असते. मग त्या जमिनीत काय होईल? उशिरा लावलेला हरभरा किंवा गहू, उन्हाळी भुईमूग, बाजरी, चारा, काकडीवर्गातल्या वेली, आणि झटपट येणाऱ्या पालेभाज्या. वरच्या पट्टीत, जिथे पाणी सर्वांत आधी हटते, तिथे नशिबाने एखाद्या वर्षी लसूण साधेल. पण पुढच्या वर्षी तोच तुकडा आपल्याला मिळेल याची हमी नसेल आणि पाणी त्याच तारखेला हटेल याचीही नसेल, तर पाकळ्यांचे बियाणे वर्षभर कोण जपून ठेवील?

इंग्लंडमध्ये याच प्रश्नाला वेगळे उत्तर मिळाले, आणि तुलना उपयोगी आहे म्हणून ती करतो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तिथली गावची सामाईक कुरणे कुंपणे घालून खासगी झाली आणि मजुरांचा चराईचा, सरपणाचा हक्क गेला. त्याची थोडीफार भरपाई म्हणून १८४५ च्या कायद्यात मजुरांसाठी भाजीच्या जमिनीची तरतूद आली, आणि १९०८ च्या कायद्याने मागणी असेल तिथे असे तुकडे देणे स्थानिक मंडळांवर बंधनकारक झाले. नेहमीचा तुकडा दहा पोलचा, म्हणजे आपले अडीच गुंठे. कमाल मर्यादा चाळीस पोलची, म्हणजे दहा गुंठे. तिथेही जमीन मालकीची नसते, भाड्याची असते. पण १९२२ चा कायदा आणि त्यात १९५० मध्ये झालेला बदल पाहा. तुकडा सोडण्याची नोटीस किमान बारा महिन्यांची असावी लागते, आणि तिची मुदत ६ एप्रिलपर्यंत किंवा २९ सप्टेंबरनंतर संपावी लागते. म्हणजे भाजीच्या ऐन हंगामात कोणाला उठवता येत नाही. मालकी न देता मुदत देता येते आणि ती मुदत पिकाच्या दिवसांशी बांधता येते, हे त्या कायद्याच्या दोन तारखांतून दिसते. इंग्लंडमध्ये या तुकड्यांत आज हौशी मंडळी लसूण लावतात. पण या तुकड्यांचे मूळ हौसेत नव्हते, हिरावलेल्या सामाईक जमिनीत होते. गाळपेर हे त्यांचे नेमके भावंड आहे, फक्त त्याला तारखा मिळालेल्या नाहीत.

या विरोधात जे म्हटले जाईल त्यातला सर्वांत वजनदार मुद्दा असा की, धरण सिंचनासाठी आहे आणि जलाशयाची पातळी काठच्या वाफ्यांसाठी ठरवता येणार नाही. लाखो लोकांच्या पिकाला आणि पिण्याला लागणारे पाणी थोड्या कुटुंबांच्या लसणासाठी लवकर सोडायचे का? नाही, आणि तसे मागण्याची गरजही नाही. पातळी बदलण्यापेक्षा ती आधी सांगणे पुरेसे आहे. पाणीसाठा रोज मोजला जातो, आवर्तनांचे नियोजन होते, कोणत्या पातळीला कोणता पट्टा उघडा पडतो हे नकाशावर माहीत असते. अमुक पट्टा साधारण अमुक पंधरवड्यात मोकळा होईल आणि तो अमुक कुटुंबाकडे सलग काही वर्षे राहील, एवढे सांगितले तर माणूस त्याला साजेसे पीक निवडू शकतो. लसूण नसेल बसत तर नसो. पण मग वांगी, गवार, भुईमूग यांचे नियोजन तरी दरसाल जुगार ठरत नाही. डिंभे ते माणिकडोह बोगद्याच्या प्रस्तावावरून वाद झाले, तेव्हा बोलले गेले ते कोणत्या तालुक्याला किती पाणी याबद्दल. जलाशय लवकर रिकामा झाला तर गाळपेर लवकर उघडी पडेल, पण उपसायला जवळ पाणी राहणार नाही, ही बाजू त्या गदारोळात ऐकू आली नाही.

दुसरा आक्षेप गाळाचा. काठाची जमीन नांगरली तर माती सुटून धरणात जाते, खते-औषधे पाण्यात उतरतात, आणि हेच पाणी लोक पितात. यातला औषधांचा भाग मला पूर्ण मान्य आहे. रासायनिक औषधांवर गाळपेरीत बंदी असावी आणि ती कडक असावी. मातीचा भाग अर्धा मान्य आहे. जलाशयात येणारी माती मुख्यतः पाणलोटातल्या उतारांवरून येते, आणि तिचा उपाय या खोऱ्याने आधीच शोधलेला आहे. पडकई म्हणजे गावकऱ्यांनी एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने जाऊन उतारावर दगडी बांध घालणे आणि भाताच्या पायऱ्या तयार करणे, ही महादेव कोळ्यांची जुनी रीत. डिंभ्याच्या विस्थापितांबरोबर काम करणाऱ्या कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या शाश्वत संस्थेने या रीतीला नव्याने बळ दिले, जलाशयातल्या मासेमारीसाठी आदिवासींची सहकारी संस्था उभी राहण्यातही शाश्वतचा वाटा होता, आणि २०१२ मध्ये शाश्वतला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पडकईची एक पायरी तयार व्हायला अनेक हातांचे अनेक दिवस जातात. जमीन आपली राहणार या भरवशावरच कोणी ते दिवस घालवतो. गाळपेरीत बांध घालणारा कोणी दिसत नसेल तर त्याचे कारण आळस नाही. एका हंगामासाठी दगड उचलणे शहाणपणाचे नसते, एवढेच.

आणखी एक म्हणणे येते, ते अधिक सभ्य भाषेत. आता परसबागेच्या योजना आहेत, पोषणासाठी भाज्यांची बियाणी घरोघर दिली जातात, मग या जुन्या पट्ट्यांचा आग्रह कशाला? परसबाग चांगलीच. पण पुनर्वसनाच्या गावठाणात घराभोवती परस किती उरते आणि त्याला एप्रिलमध्ये पाणी कुठून येते, हे विचारल्याशिवाय बियाण्याचे पाकीट देणे म्हणजे मुदतीचा प्रश्न पुन्हा टाळणे आहे. शिवाय लसूण घरचा असणे ही केवळ पोषणाची बाब नाही. २०२४ च्या सुरुवातीला किरकोळ बाजारात लसूण किलोला ४०० रुपयांच्या घरात गेला होता. ज्याच्या आढ्याला जुडी टांगलेली आहे त्याला त्या भावाची झळ लागली नाही. ज्याला ती विकता आली त्याला उलट फायदा झाला. मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमचच्या बाजारावर सगळ्या देशाचा भाव हलतो, आणि त्या हलण्यापासून थोडे बाजूला राहण्याची सोय गुंठाभर वाफे देतात.

धरणामुळे खालच्या भागात आलेली भरभराट नाकारून काही साधणार नाही. मंचर-घोडेगावपासून शिरूरपर्यंतचा पट्टा उजव्या कालव्याने बदलला, कांदा वाढला, ऊस आला, साखर कारखाना आला. हे सगळे पाण्याने झाले हे खरेच. पण तिथेही ज्याच्या नावावर सात-बारा होता त्याच्याच शेतात झाले. त्याला मुदत आधीच मिळालेली होती म्हणून पाणी कामाला आले. धरणाच्या वर नेमके हेच फिरले. तिथे पाणी दारात आले आणि मुदत गेली.

पावसाळा सरला की कुकडी प्रकल्पाची कालवा सल्लागार समिती बसते. रब्बीची आवर्तने किती, पहिले कधी सोडायचे, उन्हाळ्यासाठी किती राखायचे, यावर पाच धरणांच्या लाभक्षेत्रातले लोकप्रतिनिधी हिरिरीने भांडतात, आणि भांडावेच. त्याच टेबलावर डिंभ्याच्या साठ्याचा तक्ता असतो. त्यावरून डिसेंबर ते मे या महिन्यांत जलाशयाची पातळी कुठे असेल याचा अंदाज खात्याचा एखादा अभियंता तासाभरात काढू शकतो. तो अंदाज पट्टावार लिहून बुडित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींच्या फलकावर नोव्हेंबरमध्येच लावायला वेगळा कायदा लागत नाही, आणि पट्टे एका वर्षाऐवजी पाच वर्षांसाठी त्याच कुटुंबाला द्यायला शासनाचा एक निर्णय पुरेल. खात्याचे पाणी एक थेंबही कमी होणार नाही.